एडिटिंगचा पीसी, पण कुठल्या फुटेजसाठी? विट्याच्या एका लग्न-स्टुडिओचं प्रकरण

आधी दुकानदाराने दिलेलं कोटेशनच सांगतो, म्हणजे प्रकरण काय होतं ते लगेच कळेल. आय५-१३४००एफ प्रोसेसर, एच६१० बोर्ड, १६ जीबी रॅमची एकच स्टिक, आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबीची एनव्हीएमई (वेगवान एसएसडी), २ टीबी हार्डडिस्क, चार रंगीत फॅनवालं काचेचं कॅबिनेट, त्यात "७५० वॅट" लिहिलेला पण ८० प्लसचा (वीज कमी वाया घालवण्याच्या प्रमाणपत्राचा) शिक्का कुठेच नसलेला एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा), आणि २७ इंची मॉनिटर. सगळं मिळून साधारण ८८ हजार. वर मोठ्या अक्षरात "एडिटिंग पीसी".

कोटेशन वाईट होतं असं मी म्हणणार नाही, दुकानदाराने फसवलं वगैरे तर अजिबात नाही. कॉलेजच्या पोराला गेम खेळायला पाहिजे असता तर बोर्ड आणि एसएमपीएस तेवढा बदलून घे म्हणलं असतं आणि विषय संपला असता. पण हा पीसी घेणारे दादा विट्याला लग्नाचं शूटिंग करतात, स्वतः आणि हाताखाली दोन पोरं, २०२४ चा श्रावण चालू होता आणि तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू व्हायच्या आत मशीन बसवायचं होतं. बजेट ९० हजार, "वर एक रुपया नाही, आधीच कॅमेऱ्याचे हप्ते चालू आहेत."

मला त्यांनी विचारलं ते एवढंच की ४०६० घेऊ का ३०६० चं १२ जीबीवालं. म्हणजे ग्राफिक्स कार्ड ठरलेलंच होतं, फक्त कुठलं ते ठरायचं होतं. बहुतेक लोक असंच विचारतात, सगळ्यात महाग पार्ट आधी ठरवायचा आणि उरलेल्या पैशात बाकीचं कोंबायचं. मी म्हणलं दादा, थांबा, तुमचा आत्ताचा पीसी नेमका कुठे अडकतो ते आधी बघू, मग खरेदीचं बोलू.

जुन्या मशीनवर काय दिसलं

जुनं मशीन म्हणजे आय५-९४००एफ, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० चं ४ जीबी कार्ड, साधी साटा (एनव्हीएमईपेक्षा हळू) एसएसडी. दादांची तक्रार विचित्र होती. जुन्या सोनी ए७ थ्री कॅमेऱ्याचं फुटेज मस्त चालतं, ड्रोनचं चालतं, मोबाईलचं पण चालतं, आणि नवीन घेतलेल्या महागड्या ए७ फोरचं तेवढं टाइमलाइनवर टाकलं की ठक ठक करत अडकतं. त्यांचा समज झाला होता की मेमरी कार्ड खराब आहे, "नाहीतर कॅमेऱ्यात फाईलच खराब पडतीय गड्या."

फाईल खराब पडत नव्हती. टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर (म्हणजे ग्राफिक्स कार्डवर) क्लिक केलं की चार छोटे ग्राफ दिसतात, त्यातल्या एकावर व्हिडिओ डिकोड असं लिहिलेलं असतं, डिकोड म्हणजे दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडणं. तो ग्राफ उघडा ठेवून प्रीमियर ह्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आधी ड्रोनची क्लिप चालवली. व्हिडिओ डिकोडचा ग्राफ लगेच वर गेला, सीपीयू (प्रोसेसर) निवांत. मग ए७ फोरची क्लिप लावली. डिकोडचा ग्राफ सपाट शून्यावर, आणि सीपीयूचे सहाच्या सहा कोअर शंभर टक्क्यांवर चिकटलेले, फॅन ओरडायला लागला. म्हणजे ग्राफिक्स कार्ड त्या फाईलला हातच लावत नव्हतं, सगळा भार एकटा प्रोसेसर ओढत होता.

मग मीडियाइन्फो नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फाईल टाकली. बिट डेप्थ १० बिट, क्रोमा सबसॅम्पलिंग ४:२:२. घोडं पेंड खात होतं ते इथेच.

हे ४:२:२ काय आहे ते थोडक्यात. व्हिडिओत प्रत्येक पिक्सेलचा उजेड साठवतात पण रंग साठवताना काटकसर करतात. चार पिक्सेलच्या ओळीत रंग दोनदाच साठवला तर ते ४:२:२, आणि खालची ओळ धरून दोन ओळींत मिळून दोनदाच साठवला तर ते ४:२:०. मोबाईल, यूट्यूब, जुने कॅमेरे, सगळं ४:२:० वर चालतं, त्यामुळे ग्राफिक्स कार्डवाल्यांनी पण डिकोडर त्याच्यासाठीच केले. गंमत म्हणजे ४०६० सारखं कार्ड एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवायची नवी पद्धत, जुनी ती एच.२६४) चं ४:४:४, म्हणजे रंगात काटकसर न केलेलं, सुद्धा डिकोड करतं, मधलं ४:२:२ तेवढं करत नाही! आणि दादांना ते मधलंच पाहिजे होतं, कारण हळदीचा पिवळा, शालूचा लाल, स्टेजवरचे जांभळे एलईडी हे सगळं कलर करेक्शनमध्ये ओढताताण केली की ८ बिटमध्ये पट्टे दिसायला लागतात. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा, १० बिटमध्ये १०२४, फरक डोळ्याला दिसतो. सिनेमॅटिक हायलाइटचे पैसे त्याच्यावरच मिळतात.

आता कोटेशन परत वाचा. ४०६० हे फुटेज डिकोड करणार नाही. ३०६० पण नाही, मग १२ जीबी असो नाहीतर २४. एच.२६५ चं १० बिट ४:२:२ त्यावेळी बाजारात सहज डिकोड करत होतं ते इंटेलच्या प्रोसेसरमधलं आतलं ग्राफिक्स, ज्याला क्विक सिंक म्हणतात, ११व्या जनरेशनपासून पुढे. आणि कोटेशनमधल्या प्रोसेसरच्या नावाशेवटी एफ होता, म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद केलेला प्रोसेसर. हजार-दीड हजार वाचवायला नेमकी तीच गोष्ट काढून टाकलेली जी दादांना पाहिजे होती. जुन्या मशीनला पण एफच होता, म्हणजे ८८ हजार घालून तोच त्रास जास्त रंगीत लाईटमध्ये मिळाला असता.

कॅमेऱ्यातली एक सेटिंग, फुकटची

पार्ट निवडायच्या आधी अजून एक भानगड निघाली. दादा ए७ फोरवर एक्सएव्हीसी एस (सोनीचा रेकॉर्डिंग फॉरमॅट), ४के, २५ फ्रेम, १४० एमबीपीएस (सेकंदाला १४० मेगाबिट) असं शूट करत होते. हा फॉरमॅट एच.२६४ चा आहे आणि एच.२६४ चं १० बिट ४:२:२ त्यावेळी इंटेलचं क्विक सिंक पण डिकोड करत नव्हतं. नुसता प्रोसेसर बदलून काम होणार नव्हतं, कॅमेऱ्यात एक्सएव्हीसी एचएस करायला लागणार होतं, तो एच.२६५.

पण एचएसमध्ये पॅल मोडला (आपल्याकडचा २५/५० फ्रेमचा मोड) ४के म्हणजे ५० फ्रेमच मिळतात, २५ चा पर्याय नाही. आणि ए७ फोरमध्ये ४के ५० फ्रेमला सेन्सरचा मधलाच भाग वापरला जातो, दीडपट क्रॉप, म्हणजे २४ एमएमची लेन्स ३६ सारखी दिसते. दादा वैतागले, "अरे कार्यालयात उभं राहायला जागा नसते, भटजींच्या डोक्यावरनं शूट करतो मी." त्यांचं बरोबर होतं. शेवटी असं ठरलं की ए७ थ्रीवर वाइड आणि पूर्ण विधी, त्याचं फुटेज ८ बिट ४:२:० असतं आणि कुठल्याही मशीनवर पळतं, तसंही पूर्ण विधीच्या व्हिडिओला कोण एवढं ग्रेडिंग करतंय. ए७ फोर फक्त सिनेमॅटिकला, एचएस ५० फ्रेम, १०० एमबीपीएस. ५० फ्रेमचा वरातीत आणि अक्षता पडताना स्लो करायला फायदाच झाला.

मग पार्ट

प्रोसेसर आय५-१४५००. तो का आणि १३४०० (बिना एफ) का नाही, तर १३४०० मध्ये यूएचडी ७३० ग्राफिक्स आहे ज्यात व्हिडिओचं इंजिन एक, आणि १४५०० मध्ये यूएचडी ७७० ज्यात तशी दोन. दोन-तीन क्लिप एकावर एक असल्या की फरक पडतो. शिवाय १४ कोअर, २० थ्रेड. साधारण २२-२३ हजाराला पडला.

दादांच्या भाच्याने त्याच आठवड्यात रील पाठवले, इंटेलचे प्रोसेसर खराब होतायत, एएमडी घ्या. हे पूर्ण खोटं नव्हतं. १३व्या आणि १४व्या जनरेशनच्या काही प्रोसेसरना जास्त व्होल्टेज जाऊन ते कायमचे बिघडत होते, इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये त्यासाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) काढला आणि त्या यादीतल्या मॉडेलची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण यादीत आय५ पैकी १३६००के आणि १४६००के ही घराणी होती, वर आय७ आणि आय९. १४५०० नव्हता. नाव १४ चं असलं तरी आतली चिप १२व्या जनरेशनच्या डिझाइनची आहे, मार्केटिंगवाल्यांची कृपा. तरी बायोस (बोर्डचं स्वतःचं सॉफ्टवेअर) अपडेट करून घेतलं, बी७६० बोर्ड १४व्या जनरेशनच्या आधी आलेले असल्याने ते तसंही तपासायलाच लागतं.

एएमडीचा रायझन गेमिंगवाल्याला मी डोळे झाकून सांगितला असता, एएम५ सॉकेटवर पुढे अपग्रेड पण होतो. पण त्याचं आतलं ग्राफिक्स ४:२:२ डिकोड करत नाही, इथे त्याचा उपयोग नाही. मॅक मिनीचा विषय पण निघाला. ४:२:२ ला मॅक उत्तम, वीज कमी, आवाज नाही. अडलं कुठे तर पोरं पूर्ण विधीचा व्हिडिओ एडियस ह्या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरवर करतात, ते फक्त विंडोजवर, आणि अल्बमवर मराठी नावं टाकायला श्रीलिपी हे फॉन्टचं सॉफ्टवेअर, त्याचा डोंगल (लायसन्सची यूएसबी चावी), वर्षानुवर्षांच्या फाइली. एका सीझनच्या तोंडावर सगळ्या स्टुडिओची सवय बदलायची हिंमत दादांची नव्हती, आणि मी पण आग्रह केला नाही.

बोर्ड बी७६० डीडीआर५. एच६१० वर हा प्रोसेसर बसतो हो, पण स्वस्तातल्या बोर्डवर प्रोसेसरला वीज देणारा भाग अगदी जेमतेम असतो, हीटसिंक पण नसतं, आणि १४५०० ची कमाल टर्बो पॉवर १५४ वॅट आहे. अर्धा तास एक्सपोर्ट चाललं की स्पीड पडणार. रॅमचे स्लॉट पण दोनच. रॅम ३२ जीबी, पण १६ च्या दोन स्टिक, एक नाही. एकाच स्टिकवर मेमरीचा अर्धा रस्ता बंद राहतो, आणि आतलं ग्राफिक्स तीच रॅम वापरत असल्याने इथे तर ते जास्तच लागतं. कूलर वेगळा, दोन हजाराच्या आतला टॉवर, सोबत मिळणारा छोटा कूलर मे महिन्यात विट्यात नाही पुरत.

स्टोरेजवर सगळ्यात जास्त वाद झाला, कारण दादांना सात हजार एमबी स्पीडवाली एसएसडी पाहिजे होती. हिशोब करून दाखवला. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा एमबी, तासाला ४५ जीबी. दोन कॅमेरे एकदम चालवले तरी सेकंदाला २५ एमबी. जुनी साटा एसएसडी पाचशे देते! स्पीड हा प्रश्नच नाही, जागा हा प्रश्न आहे. ए७ थ्रीवर सहा-सात तास, ए७ फोरवर तीन तास, ड्रोन, दोन दिवसांचे रॉ फोटो, एक लग्न ५०० जीबीला आरामात टेकतं. कोटेशनमधल्या ५१२ मध्ये विंडोज टाकल्यावर एक लग्नसुद्धा मावलं नसतं. म्हणून १ टीबी एनव्हीएमई चालू कामाला, पण टीएलसी नावाच्या मेमरी चिपवाली. स्वस्तातल्या क्यूएलसी चिपवालीवर ४०० जीबी एका दमात कॉपी करायला घेतलं की सुरुवातीला पळते आणि मध्येच बसते, बैल चिखलात बसल्यासारखी. जुनी साटा एसएसडी प्रीमियरच्या कॅशला (तात्पुरत्या फाइलींना). आणि ४ टीबी हार्डडिस्क, जिच्यावर अल्बम आणि पेनड्राइव्ह पार्टीच्या हातात पडेपर्यंत दुसरी कॉपी राहणार, ह्याला पर्याय नाही, लग्न परत लावता येत नाही.

एसएमपीएस ५५० वॅट, ८० प्लस ब्रॉन्झ, नामांकित कंपनीचा, पाच वर्षं वॉरंटी. ७५० वॅटचा आकडा डब्यावर छापायला काही पैसे पडत नाहीत. कॅबिनेट पुढून जाळीचं, काचेचं नाही. मॉनिटर आयपीएस. हे सगळं मिळून ८८ च्या आसपासच गेलं.

आणि ग्राफिक्स कार्ड? घेतलंच नाही. जुनं जीटीएक्स १६५० काढून नवीन बोर्डवर लावलं. डिकोड क्विक सिंक करणार, इफेक्ट आणि कलरचं काम १६५० करणार, ४ जीबी कमी आहे, ४के ला नॉइज काढायला लावलं तर रडतं, पण एक सीझन निघतो. दादांना हे पचायला वेळ लागला. "नव्या पीसीत जुनं कार्ड? लोक काय म्हणतील." मी म्हणलं लोक कॅबिनेट उघडून बघत नाहीत.

जोडल्यावर

दोन गोष्टी सांगतो ज्या कोटेशनमध्ये कधीच नसतात. पहिली, वेगळं ग्राफिक्स कार्ड लावलं की बऱ्याच बोर्डवर आतलं ग्राफिक्स आपोआप बंद होतं. बायोसमध्ये आयजीपीयू मल्टी-मॉनिटर नावाचा पर्याय असतो तो चालू करावा लागतो, मग विंडोजमध्ये इंटेलचा ड्रायव्हर टाकायचा, मग प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडियात जाऊन हार्डवेअर डिकोडिंगच्या खाली इंटेलवर टिक आहे का बघायचं. ह्यातलं एक जरी राहिलं तरी २२ हजाराचा प्रोसेसर घेऊन ९४००एफ सारखंच अडकत बसणार. टास्क मॅनेजरमध्ये आता जीपीयू ० आणि जीपीयू १ असे दोन दिसायला लागले, आणि ए७ फोरची एचएस क्लिप लावली तेव्हा इंटेलवाल्याचा डिकोड ग्राफ वर गेला, सीपीयू खाली. दादा स्क्रीनकडे न बघता फॅनचा आवाज ऐकत होते, "ओरडत नाही की रे."

दुसरी गोष्ट अर्थिंग. स्टुडिओ वरच्या मजल्यावर, जुनी वायरिंग. उघड्या कॅबिनेटच्या पत्र्याला मनगट लागलं की मुंग्या आल्यासारखं व्हायचं. दादा म्हणाले जुन्या पीसीला पण होतं, सवय झालीय. मल्टिमीटर लावला, फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्ये काहीच धड नाही. थ्री-पिन सॉकेटची तिसरी पिन नुसती शोभेची होती, मागे वायरच नाही. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर पत्र्याला जोडलेले असतात, अर्थ नसला की पत्र्यावर मेन्सच्या निम्मं व्होल्टेज येऊन बसतं, करंट अगदी थोडा पण यूएसबीला लावलेल्या हार्डडिस्क आणि कार्डरीडरचं भलं होत नाही. वायरमन बोलावून खालपर्यंत अर्थिंगची वायर ओढली, मग यूपीएस. हा खर्च ९० हजाराच्या बाहेर गेला आणि दादांनी त्याबद्दल मला ऐकवलं पण.

सीझन कसा गेला विचाराल तर ठीक. स्वतःच्या फुटेजला अडचण आली नाही. अडचण आली ती बाहेरून बोलावलेल्या शूटरच्या फुटेजला. मोठ्या तिथीला एकाच दिवशी दोन-दोन लग्नं, मग दुसरा कॅमेरावाला भाड्याने, त्याच्याकडे पण ए७ फोर, पण सेटिंग एक्सएव्हीसी एस. म्हणजे पुन्हा एच.२६४ चं ४:२:२, पुन्हा ठक ठक. त्यावर रात्री झोपायच्या आधी प्रॉक्सी बनवायला लावून जायचं असं चालवलं, सकाळपर्यंत हलक्या फाइली तयार. आणि शूटरला आगाऊ देतानाच सेटिंगचा स्क्रीनशॉट पाठवायचा, हे दादांनी स्वतः सुरू केलं.

जानेवारी २०२५ मध्ये आरटीएक्स ५० सिरीज आली आणि तिच्यात ४:२:२ चा डिकोडर आला, एच.२६४ चा पण. मे महिन्यात ५०६० बाजारात आलं, १४५ वॅटचं, ५५० च्या एसएमपीएसवर बिनधास्त. सीझनचे पैसे आले होते, दादांनी ते घेतलं, १६५० पोराच्या मशीनला गेलं. प्रीमियरचं नवीन व्हर्जन टाकल्यावर भाड्याच्या शूटरचं फुटेज पण सरळ चालायला लागलं. आदल्या वर्षी ४०६० वर तीस हजार घातले असते तर हे घेता आलं नसतं हे दादा आता स्वतःच दुसऱ्यांना सांगतात, माझं नाव न घेता. आज कुणी कोरं मशीन बनवत असेल आणि ५०६० बजेटमध्ये बसत असेल तर प्रोसेसर कुठला घ्यावा ह्याचा जाच बराच कमी झालाय, रायझन पण चालेल.

रॅमचं मात्र फसलं. ३२ च्या जागी ६४ करू म्हणून दादांनी २०२५ च्या डिसेंबरात चौकशी केली तेव्हा एआयच्या डेटा सेंटरवाल्यांनी सगळी मेमरी उचलल्याने भाव भडकले होते, मायक्रॉनने तर क्रुशियलचा ग्राहकांसाठीचा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं होतं. वर्षापूर्वी नऊ-दहा हजाराला घेतलेला ३२ जीबीचा तोच सेट दुपटीच्या वर. त्यामुळे रॅम सध्या ३२ वरच आहे, आणि अल्बमचा फोटोशॉप आणि प्रीमियर एकाच वेळी उघडायचे नाहीत असं दादांनी दोन्ही पोरांना सांगून ठेवलंय.